पाथफाइंडरचे हीरो पॉइंट: नियम चांगला, वाटप कंजूष

पाथफाइंडर हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा फँटसी रोलप्लेइंग खेळ. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक खेळाडूला सेशनच्या, म्हणजे एका बैठकीच्या, सुरुवातीला एक हीरो पॉइंट मिळतो. खेळता खेळता जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आणखी देतो, हातात एका वेळी जास्तीत जास्त तीन राहतात आणि सेशन संपलं की उरलेले गेले. उपयोग दोनच. एक पॉइंट देऊन नुकताच केलेला चेक (जमलं की नाही हे ठरवणारा फासा) पुन्हा रोल करायचा, किंवा कॅरेक्टर मरायला टेकलेलं असताना हातातले सगळे पॉइंट देऊन त्याला वाचवायचं. दोन्हींसाठी ॲक्शन (आपल्या पाळीतली कृती) लागत नाही. बेशुद्ध पडलेल्या कॅरेक्टरचा पॉइंटही चालतो, आणि आपल्या फॅमिलिअरसाठी (जादूच्या छोट्या सोबत्यासाठी) किंवा सोबतच्या प्राण्यासाठीही तो खर्च करता येतो.

पायझो या प्रकाशकाने ही आवृत्ती २०१९ मध्ये काढली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सुधारित 'प्लेअर कोअर' बाजारात आणलं. ४६४ पानांच्या या पुस्तकात हीरो पॉइंटच्या वाट्याला अगदी थोडी जागा आली आहे. मात्र मोठ्या लढाईचा निकाल अनेकदा या थोड्या ओळींवरच फिरतो, म्हणून हे परीक्षण अख्ख्या पुस्तकाचं न करता तेवढ्याच भागाचं केलं आहे. नशिबाचे पॉइंट असलेले इतर फँटसी खेळही शेजारी ठेवून पाहिले आहेत, कारण यातली खुबी आणि खोट दोन्ही तुलनेतच नीट कळतात.

आधी वाटपाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. जीएमसाठीच्या पुस्तकातली सूचना अशी आहे: पहिला तास सोडून पुढच्या प्रत्येक तासाला साधारण एक पॉइंट द्यावा, म्हणजे चार तासांच्या सेशनमध्ये तीन. हे तीन सगळ्या टेबलाला मिळून आहेत. प्रत्येक खेळाडूला तीन, असा त्याचा अर्थ नाही. चार खेळाडू असतील तर सुरुवातीचे चार आणि वरचे तीन, असे रात्रभरात एकूण सात पॉइंट झाले. 'दर तासाला प्रत्येकी एक' असा अर्थ लावला तर तीच संख्या सोळावर जाते. सात आणि सोळा यांत खेळाचा पोतच बदलतो. सोळा असतील तर प्रत्येक महत्त्वाचा चुकलेला रोल परत होतो, आणि शत्रूच्या भारी जादूला पुस्तकाने दिलेली धार राहत नाही. जास्त शौर्याचा, सढळ खेळ हवा असेल तर पहिला तास सोडून दर अर्ध्या तासाला एक, म्हणजे चार तासांत सहा, असंही पुस्तक सुचवतं. पण तेही सहाच.

या नियमाची खरी खोट इथेच आहे. पॉइंट देण्याचं काम जीएमच्या आठवणीवर सोपवलं आहे. नकाशा सांभाळायचा, पाच राक्षसांचे हिट पॉइंट (किती जीव उरला तो आकडा) लिहायचे, एनपीसीचे (जीएमच्या हातातल्या पात्रांचे) आवाज काढायचे आणि त्यातच घड्याळाकडे लक्ष ठेवायचं, हे एका माणसाकडून होत नाही. परिणाम ठरलेला: पहिल्या सेशनला दोन पॉइंट वाटले जातात, तिसऱ्यापासून एकही नाही, आणि शेवटी नियम फक्त 'सुरुवातीचा एक' एवढाच उरतो. पॉइंट मिळणार नाहीत हे कळलं की खेळाडू हातातला एकुलता एक मरणासाठी राखून ठेवतात, आणि रीरोलचा भाग जवळजवळ मरतो.

उपाय सोपा आहे आणि पुस्तकाच्या हिशेबाला धरून आहे. चार तासांच्या सेशनमध्ये मध्यावर चहाची सुट्टी होतेच. सुट्टी संपून बसताना प्रत्येकाला एक पॉइंट द्यायचा. चार खेळाडूंना चार, म्हणजे एकूण आठ. पुस्तकातल्या सातच्या अगदी जवळ. त्यावर एखाददुसरा पॉइंट खरोखरच्या धाडसासाठी ठेवावा: कुणी सवंगड्यावरचा वार स्वतःवर घेतला, कुणी पळायची संधी सोडून दार धरून ठेवलं. विनोदासाठी, खाऊ आणल्याबद्दल किंवा चांगला आवाज काढल्याबद्दल पॉइंट देण्याची पद्धत काही टेबलांवर असते. ती टाळावी. बोलके खेळाडू तीनवर पोचतात आणि बुजरा खेळाडू रात्रभर एकावर बसतो.

आता खर्च कुठे करायचा. पाथफाइंडरमध्ये रीरोल आधीचा निकाल पाहून घेता येतो, पण दुसरा आकडा वाईट आला तरी तोच धरावा लागतो. या एका अटीतून बरंच गणित निघतं.

समजा तुमचा हल्ला +१२ आहे (फाशात १२ मिळवायचे) आणि समोरच्याचा एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, २२. डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) १० किंवा जास्त आलं की वार लागतो, म्हणजे ५५ टक्के. वार चुकला आणि पॉइंट दिला तर तो पॉइंट कामी येण्याची शक्यता तीच, ५५ टक्के. त्याच टर्नमधल्या तिसऱ्या हल्ल्याला −१० लागतात. तिथे फक्त २० वर वार लागतो, म्हणजे पॉइंट कामी येण्याची शक्यता ५ टक्के. ऐकताना हे उघड वाटतं. प्रत्यक्षात पॉइंट नेमके उलटे खर्च होतात, कारण अशक्य वाटणाऱ्या रोलला 'आता नशीबच हवं' असं वाटतं आणि सोप्या रोलला पॉइंट वाया घालवल्यासारखं वाटतं. मुळात शक्यता चांगली होती, पण फासा वाईट पडला आणि पणाला बरंच काही लागलेलं आहे, अशा ठिकाणी रीरोल करावा.

एसी किंवा डीसी (चेकला गाठायचा आकडा) माहीत नसला तरी फासा स्वतःच एक खूण देतो. डी२० वर १५ पडूनही चेक फसला, तर यशाला किमान १६ लागतात एवढं नक्की. मग रीरोलची शक्यता फार तर २५ टक्के. पॉइंट खिशात ठेवा. डी२० वर ३ पडले आणि चेक फसला, तर त्यावरून काहीच कळत नाही, आणि पहिल्या फेरीत त्याच शत्रूवर ११ ला वार लागलेला आठवत असेल तर खुशाल रीरोल करा. 'अगदी एकाने गेला' म्हणून हळहळून पॉइंट द्यायचा असेल तर आधी पाहा की तो एक कुठल्या आकड्यावर कमी पडला. ९ वर पडला असेल तर ठीक, १७ वर पडला असेल तर नाही.

या खेळातला सगळ्यात मोलाचा रीरोल हल्ल्यावर नसून सेव्हवर (जादू किंवा धोक्यापासून बचावाच्या चेकवर) असतो. कारण यशापयशाच्या चार पायऱ्या: क्रिटिकल यश, यश, अपयश, क्रिटिकल फेल. डीसीपेक्षा दहा किंवा जास्त कमी पडलं की क्रिटिकल फेल, आणि साध्या सेव्हच्या जादूत मग दुप्पट इजा. पाचव्या लेव्हलचा जादूगार घ्या: हिट पॉइंट ४८, रिफ्लेक्स (चपळाईचा सेव्ह) +१२. समोरून डीसी २४ चा तिसऱ्या रँकचा फायरबॉल येतो, इजा ६डी६ (सहा बाजूंचे सहा फासे), सरासरी २१. फाशावर २ पडले, एकूण १४, क्रिटिकल फेल. सरासरीने ४२ हिट पॉइंट गेले, उरले ६. इथे पॉइंट दिला तर नव्या रोलमध्ये पुन्हा क्रिटिकल फेल व्हायची शक्यता १० टक्के, साधं अपयश ४५ टक्के, यश (अर्धी इजा) ४० टक्के, आणि २० पडला तर इजाच नाही. सगळं गुणून बेरीज केली की अपेक्षित इजा साधारण १८ येते. एका पॉइंटने २४ हिट पॉइंट वाचवले. हाच पॉइंट साध्या अपयशावर, म्हणजे २१ इजेवर, खर्चला असता तर सरासरीने तीनच वाचले असते, वर दुप्पट होण्याचा धोका वेगळा. म्हणून फायरबॉलसारख्या जादूत साधं अपयश गिळायचं आणि क्रिटिकल फेल परतवायचं.

अर्धांगवायू, भूल, सक्तीची झोप अशा जादू मात्र वेगळ्या. तिथे साध्या अपयशानेही दोन टर्न जाऊ शकतात, आणि त्यावर पॉइंट देणं योग्यच. आणखी एक जागा फार थोड्यांच्या लक्षात येते: धुक्यातल्या किंवा अंधुक दिसणाऱ्या शत्रूवर वार करताना डीसी ५ चा फ्लॅट चेक (काहीही न मिळवता नुसत्या फाशाचा) असतो. फ्लॅट चेकही चेकच आहे, त्यालाही हीरो पॉइंट लागू होतो. तो ८० टक्के वेळा यशस्वी होतो. दिवसातला शेवटचा मोठा स्पेल त्या उरलेल्या २० टक्क्यांत अडकला, तर पॉइंट देण्यासाठी याहून चांगली जागा नाही. याउलट सतत होणारी इजा थांबवण्याचा फ्लॅट चेक डीसी १५ चा असतो, ३० टक्के. तिथे हात आवरावा. इजेच्या फाशांना पॉइंट लागतच नाही, तो फक्त चेकसाठी आहे.

लागलेला वार क्रिटिकल व्हावा म्हणून यश रीरोल करणं नियमात बसतं, पण परवडत नाही. वरच्या +१२ विरुद्ध २२ च्या उदाहरणात क्रिटिकलची शक्यता ५ टक्के आणि हातातला वार घालवण्याची ४५ टक्के.

मरणाच्या नियमाकडे येऊ. डाइंगची (मरण किती जवळ आलं ते मोजणाऱ्या स्थितीची) किंमत वाढणार असेल त्या क्षणी सगळे हीरो पॉइंट द्यायचे, किमान एक. डाइंग पूर्ण जातं, कॅरेक्टर शून्य हिट पॉइंटवर स्थिर होतं आणि या सुटकेमुळे वूंडेड (मरता मरता वाचल्याची खूण) वाढत नाही. आधीचं वूंडेड असेल तर ते तसंच राहतं. आता 'सगळे' या शब्दाकडे नीट पाहा. हातात तीन असले तर तीन जातात, एक असला तर एक जातो, आणि बदल्यात मिळतं ते अगदी सारखंच. म्हणजे मरणासाठी तीन पॉइंट साठवण्यात दमडीचा फायदा नाही. दोन रीरोलवर उडवा, एक राखा. इतक्या साध्या वाक्यातून 'जमवून ठेवू नका' हा संदेश जाणं मला या नियमाचं सगळ्यात मोठं यश वाटतं. नशिबाच्या पॉइंटांचा जुना आजार म्हणजे ते न वापरताच सेशन संपणं. इथे साठवलेल्याला किंमत नाही, आणि सेशनअखेर तो बादही होतो.

या सुटकेच्या मर्यादाही पक्क्या ठाऊक हव्यात. कॅरेक्टर वाचतं, पण उठत नाही. ते बेशुद्धच असतं आणि कुणी बरं करेपर्यंत तसंच पडून राहतं. शत्रूने त्या पडलेल्या देहावर पुन्हा वार केला तर डाइंग पुन्हा सुरू, आणि आता हातात पॉइंट नाही. त्यामुळे पॉइंट देण्याची वेळ आणि हीलरची टर्न यांचा मेळ घालायला हवा. डाइंग १ वर असताना घाईने सुटका करून घेण्यापेक्षा, हीलर आपल्या आधी खेळणार असेल तर थांबणं बरं. वूंडेड २ असताना खाली पडलात तर मात्र थेट डाइंग ३ वर जाता, ४ म्हणजे मृत्यू. तिथे पुढची रिकव्हरी (सावरण्याचा चेक) फसताच पॉइंट द्यायलाच हवा. एका फटक्यात कमाल हिट पॉइंटच्या दुप्पट इजा झाली तर कॅरेक्टर जागीच मरतं. तिथे डाइंग वाढण्याची पायरीच येत नाही, त्यामुळे नियमाच्या शब्दांप्रमाणे हीरो पॉइंट उपयोगी पडत नाही. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला हे खरोखर घडू शकतं, म्हणून जीएमने आधीच आपला निर्णय सांगून ठेवावा.

टेबलावर वाद होतो तो फॉर्च्यून या खुणेवरून. हीरो पॉइंटचा रीरोल फॉर्च्यून प्रकारात मोडतो आणि एका रोलवर एकच फॉर्च्यून चालतो. 'शुअर स्ट्राइक' ही जादू टाकून दोन फासे फेकले असतील तर तो हल्ला हीरो पॉइंटने परत करता येत नाही. हाफलिंगने (बुटक्या जातीच्या कॅरेक्टरने) आपल्या जातीच्या नशिबाने सेव्ह परत केला, तर वर हीरो पॉइंट नाही. त्यामुळे शुअर स्ट्राइकवर सगळी भिस्त ठेवणाऱ्याने हीरो पॉइंट सेव्हसाठी धरून ठेवावेत, हल्ल्यासाठी ते त्याला क्वचितच कामी येतील.

गुप्त चेक हा दुसरा कच्चा दुवा. माहिती आठवण्याचे, शोध घेण्याचे असे चेक जीएम पडद्याआड रोल करतो. खेळाडूला आकडाच दिसत नाही, मग परत काय करायचं? विद्वान, हेर, शोधक अशा कॅरेक्टरांचे बरेचसे रोल असेच जातात, आणि योद्ध्याच्या तुलनेत त्यांना हीरो पॉइंटचा लाभ कमी मिळतो. त्यावर एक तोडगा चालतो. गुप्त चेकच्या आधीच खेळाडूने पॉइंट टेबलावर ठेवायचा, जीएमने दोन फासे टाकून वरचा धरायचा. नियमापेक्षा हे थोडं उदार आहे, पण आधी पैसे मोजून आंधळेपणाने घेतलेला सौदा आहे, त्यामुळे तोल सुटत नाही.

आता शेजारच्या खेळांकडे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांत इन्स्पिरेशन होतं: एकच, आणि रोलच्या आधी सांगून ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून वरचा धरणं) घ्यायचं. ५५ टक्क्यांच्या रोलवर ॲडव्हांटेजने शक्यता सुमारे ८० टक्के होते, आणि अपयशानंतर रीरोल केला तरी एकूण शक्यता तेवढीच येते. फरक खर्चात आहे. आधी सांगायचं असेल तर ५५ टक्के वेळा पहिला फासाच पुरेसा असतो आणि पॉइंट फुकट जातो. नंतर सांगायचं असेल तर पॉइंट फक्त गरज असेल तेव्हाच खर्च होतो. २०२४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये हीरोइक इन्स्पिरेशन करून हाच दोष काढला: फासा पडल्यावर लगेच तो परत टाकायचा, नवा आकडा धरायचा. शिवाय माणूस जातीच्या कॅरेक्टरला प्रत्येक लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) ते आपोआप मिळतं, आणि म्युझिशियन फीट (खास कौशल्य) घेतलेला वादक विश्रांतीनंतर सवंगड्यांना वाटू शकतो. जीएमच्या आठवणीवर सगळं टाकलेलं नाही, ही सुधारणा पाथफाइंडरने उचलावी अशी आहे.

पण सावध: 'कुठलाही फासा' म्हणजे एकच फासा. फायरबॉलच्या ८डी६ मधला एक १ परत टाकला तर सरासरीने अडीच इजा वाढते, यासाठी इन्स्पिरेशन जाळू नये. ॲडव्हांटेजच्या रोलमध्येही दोनपैकी एकच फासा परत होतो. आणि एका वेळी एकच साठवता येत असल्याने, माणूस जातीच्या कॅरेक्टरने झोपण्याआधी ते वापरलेलं असावं. आधीचं असताना नवं मिळालं तर ज्याच्याकडे नाही अशा सोबत्याला देता येतं, हे टेबलावर हमखास विसरलं जातं. मरणापासून सुटका इथे नाही. एकूण नियम सुटसुटीत, पण उथळ. त्यातून निर्णयाचा ताण फारसा निर्माण होत नाही.

ताण बघायचा तर 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले'. १९८६ च्या पहिल्या आवृत्तीपासून फेट पॉइंट हा त्या खेळाचा कणा आहे, आणि क्युबिकल ७ च्या २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत त्याची रचना फार विचारपूर्वक केली आहे. फेट कायमचा साठा, फॉर्च्यून रोजचा खर्च. सेशनच्या सुरुवातीला फॉर्च्यून फेटइतका भरतो. एक फॉर्च्यून देऊन फसलेली टेस्ट (तिथला चेक) परत करता येते किंवा झालेल्या टेस्टला एक सक्सेस लेव्हल (यशाची पायरी) जोडता येते. मृत्यू आला तर एक फेट कायमचा जाळून वाचायचं, आणि त्याबरोबर पुढच्या प्रत्येक सेशनचा फॉर्च्यूनही एकाने कमी झाला. माणूस दोन फेटने सुरुवात करतो आणि तीन जादा पॉइंट फेट व रेझिलिअन्समध्ये (मनोबळात) वाटून घेतो. एल्फला शून्य फेट आणि दोनच जादा. एल्फचे बहुतेक आकडे सरस, पण नशीब तोकडं. त्यावर कळस म्हणजे सैतानी सौदा: एकदा परत केलेली टेस्टही पुन्हा परत करा, फक्त एक करप्शन (भ्रष्टतेचा) पॉइंट आपणहून घ्या. खेळाडू मनापासून अस्वस्थ होऊन निर्णय घेतो असा इतका छोटा नियम दुसरीकडे मिळणार नाही. लांब, काळोख्या मोहिमेसाठी माझी पहिली पसंती हीच. मात्र फेट, फॉर्च्यून, रेझिलिअन्स, रिझॉल्व्ह असे चार हिशेब ठेवावे लागतात, आणि नव्या खेळाडूंचा यात पहिले दोन-तीन सेशन गोंधळ होतोच.

डन्जन क्रॉल क्लासिक्समध्ये लक हा थेट कॅरेक्टरचा गुण आहे, ३डी६ ने ठरतो, आणि बहुतेकांचा जाळलेला लक सहज परत येत नाही. एका पॉइंटला रोलवर +१. चोराला प्रत्येक पॉइंटला फासा टाकता येतो, हाफलिंगला एका पॉइंटला +२ मिळतात आणि तो सोबत्यांनाही उसना देता येतो. या दोघांचा लक रोज लेव्हलइतका भरूनही येतो. मेलेल्याचा देह वेळेत गाठला तर तो जिवंत निघतो का हे लक चेकवरच ठरतं, त्यामुळे काल उधळलेला लक आज जिवावर बेततो. आकडा नेमका कितीने कमी पडला हे कळल्याशिवाय इथे खर्च परवडत नाही, म्हणून हा खेळ चालवणाऱ्याने डीसी उघड सांगावा की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवायला हवं.

कोबोल्ड प्रेसच्या 'टेल्स ऑफ द व्हॅलियंट'मध्ये हल्ला चुकला किंवा सेव्ह फसला की लक मिळतो, पाचपर्यंत. एक पॉइंट दिला तर +१, तीन दिले तर रीरोल. सहावा येऊ लागला की डी४ टाकायचा आणि तेवढेच हातात उरतात. साठवणाऱ्याला शिक्षा आणि हरणाऱ्याला दिलासा, दोन्ही जीएमच्या मदतीशिवाय. कल्पना उत्तम, पण दर टर्नला कुणाचा ना कुणाचा आकडा बदलत राहतो आणि लढाई मंदावते. 'शॅडोडार्क'चा लक टोकन एका वेळी एक, कुठलाही रोल परत करता येतो, सोबत्याला देताही येतो. एका संध्याकाळच्या खेळाला तेवढं पुरतं.

पाथफाइंडरमध्ये घरगुती बदल करायचा असेल तर दोन पर्याय बरेच चालतात. पहिला 'म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स' या सुपरहीरो खेळातून आलेला: रीरोलवर १० किंवा कमी पडलं तर त्यात १० मिळवायचे. ऐकायला छान, पण पाथफाइंडरच्या चार पायऱ्यांशी तो जुळत नाही. ज्या हल्ल्याला ५ लागतात तो १५ ला क्रिटिकल होतो. साध्या रीरोलमध्ये क्रिटिकलची शक्यता ३० टक्के, या बदलाने ६०. किरकोळ शत्रू कापले जातात आणि क्रिटिकल फेल जवळजवळ नाहीसं होतं. दुसरा बदल म्हणजे दोन रोलपैकी चांगला धरायचा. अपयशावर रीरोल करून क्रिटिकल फेल ओढवून घेण्याची भीती तेवढी जाते, बाकी गणित बरंचसं तसंच राहतं. नव्या ग्रुपला हा दुसरा द्यावा. मुरलेल्या ग्रुपला मूळ नियमच बरा, कारण दुसरा आकडा पाळायलाच लागणं ही त्यातली अर्धी रंगत आहे.

नियम वाचण्यासाठी पुस्तक विकत घ्यायलाच हवं असं नाही. पाथफाइंडरचे सगळे नियम 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' या संकेतस्थळावर पायझोच्या संमतीने फुकट वाचता येतात. फाउंड्री या सॉफ्टवेअरवर ऑनलाइन खेळत असाल तर हीरो पॉइंट कॅरेक्टर शीटवरच असतात. चॅटमधल्या रोलवर राइट क्लिक करून हीरो पॉइंटचा रीरोल निवडला की पॉइंट आपोआप वजा होतो. तिथेच खाली साध्या रीरोलचे पर्यायही असतात, ते निवडले तर पॉइंट कापला जात नाही आणि हिशेब चुकतो.

टेबलावर खेळताना मात्र पॉइंट कागदावर लिहू नका, खोडायचे राहतात. हातात धरता येईल अशी वस्तू हवी, आणि पोकर चिप्स मागवायची गरज नाही. कॅरमच्या पांढऱ्या नऊ सोंगट्या पुरतात. चार खेळाडूंचे सुरुवातीचे चार आणि चहानंतरचे चार धरून आठ होतात, धाडसासाठी एक राहते. पाचवा खेळाडू आला तर काळ्या घ्या. सोंगटी कॅरेक्टर शीटवर न ठेवता फाशांच्या शेजारी ठेवायला सांगा. रोल करताना नजर तिथेच असते, आणि पॉइंट आहे याची आठवण जीएमला करून द्यावी लागत नाही.